सेल्फची बॅटरी वेगळी, ट्रोलिंगची वेगळी: खाडीतल्या छोट्या होडीसाठी काय घ्यावं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. दाभोळच्या खाडीत तुमची १७ फुटी फायबरची होडी आहे. मागे ४० एचपीचं फोर-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), सेल्फ स्टार्टचं. जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी कांदळवनाच्या कडेकडेने आवाज न करता फिरता यावं म्हणून तुम्ही १२ व्होल्टची, ५५ पाउंड जोराची आणि जीपीएसवर जागा धरून राहणारी ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू ढकलणारी विजेची छोटी मोटर, घेतली आहे. घरी इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी जादा पडून आहे. ती होडीत टाकून इंजिन आणि मोटर दोन्ही तिच्यावरच चालवावीत, असा तुमचा विचार आहे. दुकानदार म्हणतो गाडीच्या दोन बॅटऱ्या घ्या, मित्र म्हणतो सरळ लिथियम घ्या. तिघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न.

मी ओबीएम आणि होड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तेव्हा रोज हाताखालून जे जातं त्यावरून सांगतो. इंजिनाला साधी, चांगली, लेड-ॲसिडची स्टार्टिंग बॅटरी. ट्रोलिंगला तिच्यापासून पूर्ण वेगळी बॅटरी, आणि तुम्ही महिन्यातून तीन-चारदा खाडीत जाणार असाल तर ती लिथियम फॉस्फेटची, १०० एएचची. इन्व्हर्टरची बॅटरी घरीच राहू द्या. हे असं का, ते समजून घ्या, कारण तुमची होडी, तुमची खाडी आणि तुमचा खिसा मी पाहिलेला नाही. कारण कळलं की आकडे तुम्ही स्वतः बदलू शकाल.

आधी इंजिनाचं बघू. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, पण दोन-तीन सेकंदच. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे हिशेबाने एका एएचचा जेमतेम आठवा भाग. इंजिन चालू झालं की त्याचं चार्जिंग तेवढं थोड्याच वेळात भरून काढतं. म्हणजे या बॅटरीला साठा मोठा लागत नाही, झटका मोठा लागतो. त्यासाठी तिच्यात पातळ प्लेटा भरपूर घातलेल्या असतात. अशा पातळ प्लेटांच्या बॅटरीवर ट्रोलिंग मोटर तासन् तास चालवून ती पुन्हा पुन्हा तळाला नेली, तर प्लेटांवरचा माल गळून तळाशी साचतो आणि काही डझन फेऱ्यांत बॅटरी बसते. तुमच्या दुकानदाराचा 'गाडीच्या दोन' हा सल्ला म्हणूनच अर्धा बरोबर आहे. दोन हव्यात हे खरं. दुसरीही गाडीचीच घ्या, हे चूक.

ट्युब्युलरचं नेमकं उलटं. तिच्या प्लेटा जाड, ती हळूहळू द्यायला आणि खोल उतरायला बनवलेली. घरात पंखे-दिवे चालवायला तिच्यासारखी बॅटरी नाही. पण होडीत ती तीन कारणांनी नको. पहिलं म्हणजे झटका: भरलेली असताना ती तुमचं इंजिन कदाचित फिरवेलही, पण दोन-तीन तास ट्रोलिंग करून अर्धी उतरल्यावर सेल्फ मारलात की व्होल्टेज दहाच्या खाली जाईल. ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) इंजिनाचा कॉम्प्युटर तेवढ्यावर नीट काम करत नाही. दुसरं वजन: ॲसिडसकट पन्नास-साठ किलो, वरून उंच, म्हणजे १७ फुटी होडीच्या एका बाजूला जवळजवळ एक माणूस कायमचा बसवल्यासारखा. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते फार कमी लोक सांगतात. तिच्या वरच्या बुचांतून ॲसिड हिंदकळून बाहेर येतं आणि खारं पाणी आत जातं. लेड-ॲसिडच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं की क्लोरीन वायू तयार होतो. फुप्फुसं जाळणारा वायू आहे तो. बंद कप्प्यात बॅटरी, बाजूला पेट्रोलची टाकी आणि तळात साचलेलं खारं पाणी, अशी मांडणी मी पाहतो तेव्हा बाकी सगळं काम बाजूला ठेवून आधी ती बॅटरी उचलून वर घ्यायला लावतो.

एकाच बॅटरीवर दोन्ही नको, याचं आणखी एक साधं कारण. ट्रोलिंग करता करता माणूस घाटापासून लांब जातो, आणि बॅटरी संपल्याचं कळतं ते परत यायला सेल्फ मारताना. सुकती (ओहोटी) लागलेली असते, होडी खाडीच्या तोंडाकडे ओढली जाते, तिथे वाळूची बार आणि फुटणाऱ्या लाटा. पाण्यात उतरून ढकलू म्हणावं, तर या खाडीत येणाऱ्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत. परत येण्याची बॅटरी मासे धरण्याच्या कामाला लावू नये.

स्टार्टिंगची बॅटरी निवडताना

इंजिनाचं मॅन्युअल उघडा. त्यात कमीत कमी किती सीसीए आणि किती एएच हवेत ते लिहिलेलं असतं. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांत ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते तो आकडा. काही मरीन बॅटऱ्यांवर त्याऐवजी एमसीए असतो, तो शून्य अंशाला मोजतात, म्हणून तो नेहमी मोठा दिसतो. मॅन्युअलमधला आकडा सीसीएचा आणि बॅटरीवरचा एमसीएचा असेल तर तुलना फसते, एवढं ध्यानात ठेवा. दाभोळात उणे अठरा कधी होणार नाही, तेव्हा सीसीएच्या मागे फार धावू नका. मॅन्युअलच्या आकड्याच्या थोडं वर घ्या, झालं.

कोकणात बॅटरीला मारते ती थंडी नव्हे, उकाडा. लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. एप्रिल-मे मध्ये बंद फायबरच्या कप्प्यात किती तापतं ते हात घालून बघा. म्हणून बॅटरी हवेशीर, सावलीत, तळापासून वर उचललेल्या फळीवर आणि झाकण असलेल्या पेटीत ठेवा. पट्टा इतका घट्ट हवा की होडी लाटेवर आपटली तरी पेटी हलता कामा नये. प्लेटा फाटतात त्या आपटण्याने.

बिनदेखभालीची, म्हणजे पाणी न घालायची, ६५ ते ८० एएचची चांगल्या कंपनीची बॅटरी या कामाला पुरते. एजीएम (ॲसिड काचेच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी) मिळाली तर आणखी बरी, ॲसिड सांडत नाही आणि धक्के सोसते. पण तालुक्याच्या गावी ती सहज मिळत नाही आणि त्यासाठी अडून बसायची गरज नाही. घेताना दोन गोष्टी करा. बनवल्याची तारीख बघा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा. आणि दुकानातच मल्टिमीटर लावा: १२.६ च्या खाली असेल तर ती फडताळात पडून उतरलेली आहे. वॉरंटी होडीवर लागू होते का, तेही कार्डावर लिहून घ्या. गाडीच्या बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा गाडीपुरतीच असते.

टर्मिनलला कान असलेले विंगनट लावू नका. ते हाताने घट्ट होतात आणि लाटेने सैल होतात. सैल टर्मिनलवर सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते आणि लोक नवी बॅटरी आणायला धावतात. थिंबल नीट क्रिंप केलेलं, वर गोंदाची हीट-श्रिंक, नायलॉक नट आणि वरून व्हॅसलीनचा हात, एवढं केलं तर हा भाग वर्षभर विसरलात तरी चालतं.

व्हीएचएफ (होडीवरचा रेडिओ) आणि नेव्हिगेशन दिवे याच बॅटरीवर ठेवा. व्हीएचएफ २५ वॉटवर बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, पण बोलणं असतं मिनिटभराचं. अडचणीच्या वेळी जी बॅटरी नक्की भरलेली आहे तिच्यावरच तो असायला हवा.

ट्रोलिंगची बॅटरी: आधी खाडी, मग एएच

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच जातात आणि इथेच वाया जातात.

मोटर पुरेशी आहे का, हे आधी बघू. चालत आलेला ढोबळ हिशेब असा की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंमागे दोन पाउंड जोर. तुमची होडी समजा साडेतीनशे किलो, इंजिन शंभर, तीन माणसं दोनशे दहा, पेट्रोल, बर्फ, गळ, बॅटऱ्या मिळून शंभर. साडेसातशेच्या आसपास झालं. म्हणजे ३४ पाउंड कमीत कमी, तुमच्याकडे ५५ आहेत. शांत पाण्यात उत्तम. पण ५५ पाउंड म्हणजे पंचवीस किलोची ओढ आणि वीज सुमारे ६०० वॉट, म्हणजे एका घोड्यापेक्षाही कमी. तुमची होडी त्यावर पूर्ण वेगात तीन-साडेतीन नॉटांनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जाईल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अरुंद खाडीत सुकतीचं पाणी दोन-अडीच नॉटांनी सहज धावतं, म्हणजे निम्म्याहून जास्त वेग नुसता जागेवर उभं राहण्यात जाणार.

आता गंमत बघा. पाण्यातून जायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. तुमची मोटर पूर्ण वेगात तीन नॉटांना ५० अँपिअर घेते असं धरा. एका नॉटच्या प्रवाहात जागा धरायला हिशेबाने दोनच अँपिअर लागतात. वारा, नाळ (होडीचं पुढचं टोक) फिरवत राहणं, मोटरची स्वतःची गळती हे सगळं धरून प्रत्यक्षात पाच-सहा. तेच दोन नॉटांच्या प्रवाहात हिशेबाने पंधरा, प्रत्यक्षात अठरा-वीस. म्हणजे अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) चार तास जागा धरलीत तर २४ एएच, आणि उधाणाला तीन तास धरलीत तर ६० एएच. तीच होडी, तीच मोटर, तोच माणूस. कॅलेंडरवरची तिथी बदलली की बॅटरीचं माप अडीच पटीने बदलतं.

म्हणून माझ्याकडे कोणी 'किती एएचची घेऊ' विचारलं की मी आधी विचारतो, 'कुठे आणि कोणत्या तिथीला जाता?' तुम्ही भांगाला, किंवा भरती भरून पाणी थांबतं त्या वेळेला, आतल्या फाट्यांमध्ये फिरणार असाल तर छोट्या बॅटरीत भागेल. उधाणाला तोंडाजवळच्या खडपांवर तांबोशी धरायची असेल तर १०० एएचही कमी पडेल, आणि खरं म्हणजे तिथे मोटरपेक्षा नांगर बरा. नांगराला चार्जिंग लागत नाही.

तुमच्यासाठी मी मधला दिवस धरतो. सरासरी १५ अँपिअरवर तीन तास म्हणजे ४५, आणि जागा बदलताना मधूनमधून मिळून वीस मिनिटं पूर्ण वेगात, ते १७. एकूण ६२ एएच. हा आकडा हातात ठेवून पुढे वाचा.

लेड की लिथियम

लेड-ॲसिडवर छापलेले एएच बहुधा वीस तासांच्या हिशेबाचे असतात. १०० एएच म्हणजे पाच अँपिअरने वीस तास. तीच बॅटरी पन्नास अँपिअरने ओढली तर दोन तास चालत नाही, सव्वा तासाच्या आतच संपते. शंभरपैकी पंचावन्न-साठच हाती लागतात. पंधरा अँपिअरने ओढली तर पंचाहत्तरच्या आसपास. शिवाय ती निम्म्याखाली वारंवार उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून तुमच्या ६२ एएचसाठी लेडमध्ये १३० ते १५० एएच घ्यावे लागतील. वजन चाळीस किलोंच्या पुढे.

लिथियम फॉस्फेटचं तसं नाही. पन्नासने ओढा की पाचने, १०० एएचमधले ८० ते ९० बेधडक वापरता येतात. ६२ भागिले ०.८ म्हणजे ७८, तेव्हा १०० एएच घेतली की हाताशी थोडं उरतं. वजन अकरा-बारा किलो. व्होल्टेजही शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहतं, त्यामुळे दुपारी मोटर सकाळइतकीच जोरात ओढते. लेडवर दुपारपर्यंत ती आजारी वाटायला लागते.

वजनाचा फरक कागदावर लहान वाटतो. सुकतीला होडी चिखलात टेकलेली असताना चाळीस किलोंची बॅटरी गुडघाभर चिखलातून धक्क्यावर आणि तिथून घरी चार्जिंगला न्यायची, हे कोणी आठवड्याला करत नाही. मग ती होडीतच अर्धी उतरलेली पडून राहते. अर्धी उतरलेली लेड बॅटरी आठवडाभर पडली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ती क्षमता परत येत नाही. मी बदलतो त्या ट्रोलिंगच्या लेड बॅटऱ्यांपैकी बहुतेक अशा वाया गेलेल्या असतात, वापरून झिजलेल्या नव्हे. लिथियमला अर्धवट राहणं चालतं, उलट मानवतं. तुमची होडी अशा धक्क्यावर असेल जिथे प्लग पॉइंट आहे आणि गाडी थेट जवळ येते, तर हा मुद्दा तुमच्यासाठी निम्मा होतो.

लिथियम घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'लिथियम' या नावाखाली दोन वेगळे माल विकले जातात. तुम्हाला हवी ती लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्टची, चार सेलांची. स्कूटरच्या जुन्या पॅकमधले एनएमसी (दुसऱ्या प्रकारच्या लिथियमचे) सेल काढून बनवलेले पॅक स्वस्तात मिळतात. ते बिघडले की फार जोरात पेटतात, आणि होडीत आगीपासून पळायला जागा नसते. असा पॅक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) सलग किती अँपिअर देतो ते लेखी घ्या. तुमच्या मोटरला ५० लागतात, तेव्हा बीएमएस १०० चा हवा. पन्नासचाच असेल तर पूर्ण वेगात गवतात पंखा अडकला की तो बंद पडणार. पेटी आयपी६५ किंवा आयपी६७ ची (धूळ-पाणी रोखणारी) आहे का बघा. बांधून देणारा गावातलाच असला तरी हरकत नाही, चांगले बांधणारे आहेत. फक्त तुमच्यासमोर ५० अँपिअरचा लोड लावून तासभर चालवून दाखवा म्हणा. तयार नसेल तर दुसरा बघा.

बजेट आत्ता तेवढं नसेल तर लेडमध्ये मी ई-रिक्षाची बॅटरी सुचवेन. ती रोज खोल उतरून रोज भरली जाण्यासाठीच बनवलेली असते, प्रत्येक तालुक्यात मिळते, आणि तिचे एएच साधारण तुमच्या गरजेच्या जवळ येतात. बुचांवर लक्ष ठेवा, पाणी बघत राहा, पेटीत घट्ट बांधा आणि परत आल्याच्या रात्रीच चार्जिंगला लावा. यूपीएसची बंद एसएमएफ बॅटरी मात्र टाळा. ती दिसायला नीटनेटकी, सांडत नाही, म्हणून लोक घेतात. पण ती भरलेली राहून क्वचित कधीतरी वापरली जाण्यासाठी असते, दर खेपेला उतरवण्यासाठी नाही.

वर्षात चार-पाचदाच जाणार असाल तर लिथियमचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील, तेव्हा ई-रिक्षाचीच घ्या. महिन्याला तीन-चार फेऱ्या असतील तर हिशेब पालटतो. चांगली फॉस्फेट बॅटरी दोन हजारांहून जास्त फेऱ्या देते, लेड काही शेकडा. दोन्हींचा भाव विचारा, फेऱ्यांनी भागा आणि चाळीस किलो उचलण्याची मजुरीही त्यात धरा.

दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या का?

नाही. हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता, पण फिटर तुम्हाला '१-२-बोथ' चा (पहिली, दुसरी किंवा दोन्ही बॅटऱ्या जोडणारा) स्विच सुचवेल म्हणून आधीच सांगतो. दोन्ही लेड असतील तर तो स्विच किंवा व्होल्टेज बघून जोडणारा रिले चालतो. एक लेड आणि एक लिथियम असेल तर त्या थेट समांतर जोडू नयेत. भरलेली लिथियम उतरलेल्या लेडमध्ये एकदम करंट ढकलते. आणि इंजिन थेट लिथियमला चार्ज करत असताना बीएमएसने मध्येच तोडलं, तर इंजिनाचा रेक्टिफायर-रेग्युलेटर जळू शकतो. तो भाग स्वस्त नाही. इंजिनावरच चार्ज करायचंच असेल तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. पण तुमच्या इंजिनाचं चार्जिंग मुळात लहान आणि घाटापर्यंतचा प्रवास वीस मिनिटांचा. त्यात ट्रोलिंगची बॅटरी भरणारच नाही. घरी भरा.

घरी भरताना इन्व्हर्टरला जोडून लिथियम भरू नका. ट्युब्युलरसाठी लावलेला चार्जर फॉस्फेटला झेपेल त्यापेक्षा वर व्होल्टेज नेऊ शकतो. १४.४ ते १४.६ व्होल्टचा, फॉस्फेटसाठीचा वेगळा चार्जर घ्या. १० अँपिअरचा घेतलात तर रात्रभरात भरते.

सेल्फची बॅटरी तरीही बसलीच तर? लिथियमवरून जंप देऊ नका, शंभराचा बीएमएस तोडून टाकेल. त्याऐवजी छोटा जंप स्टार्टर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि इंजिनाच्या टोपाखाली आणीबाणीची दोरी आहे का ते आजच उघडून बघा. दोरीने सुरू करून बघायचं ते धक्क्याला बांधलेलं असताना.

वायर

लोक बॅटरीवर खर्च करतात आणि घरगुती वायर टाकून मोकळे होतात. बॅटरी मागे, मोटर नाळेवर, अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीवर ५० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे बाराव्या हिश्श्याहून जास्त ताकद वायर तापवण्यात. १६ चौरस मिमीला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, २५ ला त्याहूनही कमी. मी १६ च्या खाली टाकत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली मिळाली तर तीच घ्या, साध्या तांब्याला खारी हवा आतून हिरवी करते. लिथियम बारा किलोंचीच असल्याने ती सरळ नाळेजवळच ठेवली तर अंतर दीड मीटरवर येतं आणि हा प्रश्नच मिटतो. तिथे सावली आणि कोरडी जागा आहे का, तेवढं बघा.

बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर हवाच. घरातला एसी एमसीबी चालत नाही, डीसीमध्ये त्याच्यातली ठिणगीची कमान विझत नाही आणि तो आतल्या आत जळतो. फिश फाइंडर ट्रोलिंगच्या बॅटरीवर लावू नका. मोटरच्या स्पीड कंट्रोलरचा गोंगाट पडद्यावर रेघोट्या काढतो. ७ ते १२ एएचची लहान वेगळी बॅटरी त्याला दिवसभर पुरते.

आणि मोटरच्या खोक्यावर ती खाऱ्या पाण्याची आहे का, हे एकदा वाचा. गोड्या पाण्याच्या मोटरला झिंकचा ॲनोड आणि दांड्यावरचा लेप नसतो. खाडीत ती पहिल्याच हंगामात गंजायला लागते, मग बॅटरी कितीही चांगली असो.

चार्ज किती उरलाय, हे कसं कळणार?

लेडला व्होल्टेज चालतं: बॅटरी तासभर न वापरता ठेवून १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज बराच काळ १३.२-१३.३ वर स्थिर राहतं आणि शेवटी एकदम पडतं, त्यामुळे व्होल्टमीटर बघून अंदाज बांधता येत नाही. शंट लावलेला बॅटरी मॉनिटर घ्या, तो आत गेलेले आणि बाहेर आलेले एएच मोजतो. त्याच मॉनिटरवर तुमचा स्वतःचा आकडा सापडेल. पहिल्या काही फेऱ्यांत एक भांगाची आणि एक उधाणाची तिथी धरा, आणि परत आल्यावर किती एएच गेले ते तिथीसकट लिहून ठेवा. माझा ६२ चा अंदाज तुमच्या खाडीत ४० निघेल किंवा ९०. जो निघेल त्यावरून दुसरी १०० एएचची घ्यायची का ते ठरवा. घ्यायची झालीच तर पहिलीसारखीच, त्याच कंपनीची घ्या आणि दोन्ही पूर्ण भरून मगच समांतर जोडा.

पावसाळ्याचं राहिलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि होडी वर ओढलेली असते. त्याआधी दोन्ही बॅटऱ्या काढून घरी आणा. स्टार्टिंगची लेड बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्याला एकदा पुन्हा भरा. लिथियमची उलट, निम्मी ते साठ टक्के भरून, वायरी सोडून, कोरड्या जागी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आधी ती पूर्ण भरा, दोन्हीकडचे थिंबल ब्रशने घासा आणि सेल्फ मारून बघा. होडी पाण्यात ढकलायची ती त्यानंतर.